सारखंच दिसतं, पण जुळत नाही: शेवाळाच्या सोयरिकीची गोष्ट

भंडारा जिल्ह्यात आमच्या गावाला दोन पाणी. वरच्या अंगाला जुना मालगुजारी तलाव आणि खाली धानाच्या बांध्यांमध्ये आजोबांच्या वेळची एक लहानशी बोडी. फेब्रुवारी लागला, पाणी उतरू लागलं की दोन्हीकडे काठाला हिरवे पुंजके तरंगायला लागतात. मागच्या वेळी भाचा आला होता, दहावीतला. त्याला म्हटलं, दोन्हीकडचं शेवाळ दोन बाटल्यांत भरून आण. बाटल्या ओट्यावर ठेवून त्यानं लगेच निकाल दिला, "मामाजी, दोन्ही सारखंच तं हाये. शेवाळ म्हंजे शेवाळ."

तलावावर मासे धरणारे एक काका ओट्यावर टेकले होते. ते हसले. "सारखं कायचं? हात लावून पाह्य. बोडीतलं रेशमावानी सुरकते, अन् तलावातलं खरखर लागते. जाळ्याले हे लागलं तं झटकलं का निघते, ते नाई निघत."

काकांचं निदान अचूक होतं. रेशमासारखं लागणारं ते स्पायरोगायरा. त्याच्या धाग्यांवर बुळबुळीत पदार्थाचं अस्तर असतं, म्हणून बोटांतून सटकतं. खरखरीत लागणारं बहुधा क्लॅडोफोरा किंवा त्याच्या जवळचं. त्याला ते अस्तर नसतं आणि धाग्यांना फांद्या फुटतात, म्हणून ते जाळ्यात गुंततं. हा फरक हाताला कळतो, कारण ही दोन शेवाळं एकमेकांपासून फार लांबची आहेत. दोघंही हिरवी, म्हणून आपण एका नावाखाली घालतो एवढंच.

मला भाच्याला सांगायचं होतं ते याच्या पुढचं. दोन शेवाळं हाताला सारखी लागतात, सूक्ष्मदर्शकाखाली सारखी दिसतात, एकाच डबक्यात शेजारी राहतात, आणि तरीही त्यांची एकमेकांशी जोडी जमत नाही. जीवशास्त्रात याला प्रजनन-विलगता म्हणतात. शब्द अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. कोणाचं कोणाशी जुळतं आणि कोणाचं जुळत नाही, एवढाच प्रश्न.

आपल्याकडे सोयरीक म्हटलं की लगेच जात आठवते, म्हणून आधीच एक गोष्ट सांगून ठेवतो. माणसांच्या जातीपातींचा या विषयाशी काडीचा संबंध नाही. जगातली सगळी माणसं एकच प्रजाती आहेत, कुठल्याही दोघांना धडधाकट मूल होऊ शकतं. आपले अडसर घरच्यांनी आणि गावानं घातलेले. शेवाळाचे अडसर रसायनांनी घातलेले आहेत आणि ते कोणाच्या सांगण्यानं निघत नाहीत. म्हणून या लेखात मी 'जात' हा शब्द टाळून 'प्रजाती' म्हणतो.

प्रजाती म्हणजे काय, याची सर्वांत गाजलेली व्याख्या जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी १९४२ साली मांडली. आपसांत ज्यांचं प्रजनन होतं आणि इतरांशी होत नाही, असा गट म्हणजे प्रजाती. रंग, आकार, आकारमान हे सगळं दुय्यम. व्याख्या देखणी आहे, पण वापरायला गेलं की घाम फुटतो. वाघाचं आणि बिबट्याचं जुळत नाही हे कोणीही सांगेल. पण ज्याला ना तोंड ना पाय, जो केसाच्या जाडीपेक्षा बारीक आहे, त्याचं कोणाशी जुळतं हे कसं पाहायचं? शिवाय शेवाळ वर्षातले बहुतेक दिवस कोणाशीच जुळत नाही. एकाचे दोन, दोनाचे चार असं नुसतं विभागत राहतं. दहावीच्या पुस्तकात स्पायरोगायराचं खंडीभवन आहे ना, तेच. धागा तुटला, तुकडा वाढला, झालं. वर्गातल्या मुलांना वाटतं की त्याचं प्रजनन एवढंच.

पण जोडी जमण्याआधीचे आणि जमल्यानंतरचे अडथळे आपल्या वावरातच दिसतात, तेव्हा शेवाळाआधी तिकडे एक फेरी मारू.

जून महिन्यात पहिला मोठा पाऊस पडला की रात्रभर बेडकांचा गलका चालतो. आपल्याला तो एकच गोंधळ वाटतो. मादीला मात्र त्यातला आपल्याच प्रजातीच्या नराचा आवाज वेगळा ओळखू येतो आणि ती तिकडेच जाते. दुसऱ्या प्रजातीचा नर दोन हातांवर बसून ओरडत असला तरी तिच्या लेखी तो नाही. हा आधीचा अडसर: गाठच पडत नाही.

नंतरचा अडसर पाहायचा तर पश्चिमेला, कापसाच्या पट्ट्यात जावं लागतं. आपली जुनी देशी पऱ्हाटी आणि आता सगळीकडे दिसणारी अमेरिकन पऱ्हाटी, दोन्हींना बोंडं लागतात, दोन्हींतून सरकी निघते. पण देशी कापसाच्या पेशीत २६ गुणसूत्रं असतात आणि अमेरिकनच्या पेशीत ५२. दोघांचा संकर घडवून रोप आलंच, तर त्याच्या वाट्याला एकाकडून १३ आणि दुसऱ्याकडून २६ अशी ३९ गुणसूत्रं येतात. परागकण आणि बीजांड बनवताना गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात, आणि ३९ च्या जोड्या लागत नाहीत. झाड उभं राहतं, पण वांझ. याहून गमतीची गोष्ट दुसऱ्या एका जोडीची. अमेरिकन कापूस आणि लांब धाग्याचा बार्बाडेन्स कापूस, दोघांचीही गुणसूत्रं ५२. त्यांचा संकर जोमदार येतो. १९७२ साली आलेलं 'वरलक्ष्मी' हे वाण अशाच संकरातलं. पण त्याच संकराचं बी राखून पुढच्या वर्षी पेरलं तर कुठे खुजी रोपं, कुठे मरतुकडी, कुठे वांझ, असा सगळा विस्कोट होतो. म्हणजे लग्न झालं, लेकरू गुटगुटीत झालं आणि अडसर नातवंडांत निघाला.

हे दोन्ही अडसर शेवाळात जसेच्या तसे आहेत. फक्त शेवाळाचं लग्न कसं लागतं ते आधी पाहावं लागेल.

पहिली गोष्ट, इथे पुढे येणाऱ्या शेवाळांच्या साध्या पेशीत बहुधा गुणसूत्रांचा एकच संच असतो. आपल्या पेशीत दोन असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. या शेवाळांत दोन संच एकत्र येतात ते फक्त दोन पेशी मिळाल्यावर, तेही थोड्या मुक्कामासाठी. दुसरी गोष्ट, त्यांच्यात नर-मादी असा दिसणारा भेद बहुधा नसतो. दिसायला अगदी सारखे दोन प्रकार असतात, त्यांना धन आणि ऋण म्हणतात, बॅटरीच्या टोकांसारखं. धनाचं जुळतं ऋणाशी. तिसरी आणि माझ्या मते सर्वांत मजेची गोष्ट, ही मंडळी लग्नाला उभी राहतात ती अडचणीत आल्यावर. पाण्यातला नत्र संपला की. खत भरपूर असेल तर त्यांना कोणाचीच गरज वाटत नाही, विभागत राहतात. नत्र संपला की धन-ऋण एकमेकांना शोधतात, दोघांचे पेशीद्रव्य मिसळतात आणि त्याचा जाड कवचाचा गोळा बनतो. याला युग्मबीजाणू म्हणतात. हा गोळा चिखलात पडून राहतो. तळं आटलं, चिखलाला भेगा गेल्या, वर ४५ अंशांचं ऊन तापलं तरी तो आत शाबूत राहतो. पावसाचं पाणी लागलं की कवच फुटतं, आत गुणसूत्रांची पुन्हा वाटणी होते आणि नव्या पेशी बाहेर पडतात.

पाणी आटायच्या आत लग्न उरकण्याची ही घाई किती खरी आहे हे व्हॉल्व्हॉक्समध्ये दिसतं. व्हॉल्व्हॉक्स म्हणजे हजारभर पेशींचा हिरवा पोकळ चेंडू, नुसत्या डोळ्यांनाही टाचणीच्या टोकाएवढा दिसणारा. १९८६ साली डेव्हिड आणि मेरिलिन कर्क या जोडप्यानं दाखवलं की सुमारे ४२ अंशांचा चटका दिला की व्हॉल्व्हॉक्स एक प्रथिन पाण्यात सोडतो आणि त्या प्रथिनाच्या इशाऱ्यानं आसपासचे सगळे चेंडू लैंगिक प्रजननाकडे वळतात. हा इशारा इतका तीव्र असतो की पाण्यात त्याचा जवळजवळ नाममात्र अंश असला तरी पुरतो. उन्हाळ्यात उथळ डबक्यात पाणी तापलं म्हणजे ते आता आटणार, हे त्याला कळतं म्हणायला हरकत नाही. मे महिन्यात आमच्या बोडीच्या काठाला पाय बुडवला तर हे लगेच पटतं.

आता मुख्य मंडळी. क्लोस्टेरियम.

हिला एकदा पाहिलं की माणूस विसरत नाही. एकच पेशी, पण आकार द्वितीयेच्या चंद्रकोरीसारखा. मधोमध केंद्रक, त्याच्या दोन बाजूंना दोन हिरवी हरितलवकं. कोरीच्या दोन्ही टोकांना एकेक लहानशी पोकळी, आणि त्या पोकळीत जिप्समचे बारीक खडे सतत थरथरत असतात. पेशी गप्प पडलेली, पण टोकांना ही नाचरी खडी. वर्गातल्या मुलांना मी हे दाखवतो तेव्हा पहिला प्रश्न हमखास येतो, "सर, हे जिवंत हाये काय?" खडे जिवंत नाहीत, पाण्याचे रेणू त्यांना ढकलत असतात. पेशी मात्र जिवंत आहे. तिला पोहायला शेपटी नाही. एका टोकातून चिकट द्रव सोडत ती हळूहळू सरकते.

क्लोस्टेरियमचा एक गट आहे, पेरासेरोसम-स्ट्रिगोसम-लिटोराले. तीन नावं एकत्र का? कारण जुन्या लोकांनी रूपावरून तीन प्रजाती ठरवल्या आणि पुढच्यांना त्यांच्या सीमा सापडेनात. शेवटी तिन्ही नावं जोडून गठ्ठा बांधला. जपानमधल्या संशोधकांनी हा गठ्ठा सोडवला, आणि त्याची सुरुवात भातशेतातल्या मातीपासून झाली हे आम्हा धानवाल्यांना ऐकायला बरं वाटतं. सुकलेली माती आणायची, तिच्यावर पाणी घालायचं, आतले गोळे फुटून पेशी बाहेर आल्या की एकेक वेगळी करून वाढवायची. एका पेशीपासून एक वंश. मग वंशांच्या जोड्या लावून पाहायच्या. याच्यात घातला तो, त्याच्यात घातला हा. ज्यांच्यात गोळे बनले ते एका गटाचे. अशा कामातून त्यांना कळलं की एकसारख्या दिसणाऱ्या चंद्रकोरींमध्ये अनेक मीलन-गट आहेत. त्यांना 'एक-ई', 'दोन-ए', 'दोन-बी' अशी रुक्ष नावं दिली आहेत.

गटांमध्ये अडसर कुठे पडतो हे पाहायचं तर त्यांचं बोलणं ऐकावं लागतं. बोलणं म्हणजे रसायनं. हिरोयुकी सेकिमोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे संभाषण उलगडलं. उजेड आहे, नत्र संपला आहे, अशा वेळी ऋण पेशी एक प्रथिन पाण्यात सोडते. त्याला साखरेच्या साखळ्या चिकटलेल्या असतात. धन पेशीला ते लागलं की तीही उत्तरादाखल आपलं वेगळं प्रथिन सोडते. ते उत्तर ऋण पेशीला पोचलं की तिच्या कवचातून पेशीद्रव्य बाहेर यायला लागतं. म्हणजे हाक आली, हाकेला ओ दिली, आणि मगच दार उघडलं. त्याआधी, रसायनांच्याच इशाऱ्यानं, दोघं एकदा विभागून घेतात. नेहमीसारखं वाढीचं नव्हे, लग्नासाठीचं खास विभाजन. मग दोन चंद्रकोरी शेजारी येतात, मधल्या वाटेनं दोघींचं पेशीद्रव्य बाहेर पडतं, मिसळतं, आणि चार रिकाम्या अर्धकवचांच्या मध्ये एक गोळा उरतो.

आता या हाकेत थोडा बदल झाला तर? ऋणाच्या प्रथिनाचा आकार बदलला आणि धनाच्या पेशीवरचा कान त्याप्रमाणे बदलला नाही, तर हाक ऐकूच जाणार नाही. २००८ साली यूकी त्सुचिकाने, सेकिमोटो आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. एका गटाच्या पेशी ज्या पाण्यात राहिल्या ते पाणी दुसऱ्या गटाला द्यायचं आणि काय होतं ते पाहायचं. 'एक-ई' हा गट दोन-वाल्या गटांपासून पुरता तुटलेला निघाला. 'दोन-ए' आणि 'दोन-बी' यांच्यात मात्र अडसर अर्धवट होता. रूप तेच, डबकं तसंच, पण एकीची हाक दुसरीला एकतर पोचतच नव्हती, नाहीतर अर्धीच पोचत होती. हा अडसर बेडकांच्या आवाजाच्या जातकुळीतला आहे. फक्त इथे आवाजाऐवजी प्रथिन.

'अर्धवट' या शब्दावर मी जरा जास्त रेंगाळतो, कारण पुस्तकं तिथून घाईनं निघून जातात. आपल्याला हो किंवा नाही असं उत्तर हवं असतं. प्रजाती एक की दोन? खऱ्या जगात बऱ्याचदा उत्तर असतं, दोन होऊ घातल्या आहेत. मीलन-गट एकदम तुटत नाहीत. आधी हाक अंधुक होते, मग कधीमधी जुळतं, मग जुळतं पण गोळा फुटत नाही, मग जुळणंच थांबतं. आपण ज्या दिवशी बाटलीत भरलं त्या दिवशी ते या वाटेवर कुठे तरी होते, एवढंच आपल्याला दिसतं.

गोळा बनूनही पुढे बिनसतं याचं उदाहरण क्लोस्टेरियमच्याच दुसऱ्या एका प्रजातीत आहे, एरेनबर्गी. तेरुनोबु इचिमुरा यांनी तिच्यातल्या दोन अगदी जवळच्या मीलन-गटांचा संकर प्रयोगशाळेत घडवला आणि १९८३ साली निकाल छापला. संकराच्या पिल्लांतली पुष्कळशी जगली नाहीत. जी जगली त्यांत ऋण प्रकाराचीच भरती जास्त होती, धन मागे पडले. म्हणजे दार उघडलं, लग्न लागलं, आणि अडसर आतून निघाला. दोन्ही गटांच्या जनुकांचा एकमेकांशी मेळ बसत नव्हता. कापसाची ३९ ची गोष्ट इथे वेगळ्या रूपात येते. शेवाळात एक बरं असतं. युग्मबीजाणू फुटल्यावर पेशींत पुन्हा एकच संच राहतो, त्यामुळे बिघाड झाकणारा दुसरा संच नसतो. काय बिघडलं ते पहिल्याच पिढीत उघडं पडतं. अमेरिकन आणि बार्बाडेन्स कापसात ते कळायला पुढच्या पिढीपर्यंत थांबावं लागतं.

क्लॅमिडोमोनास या दुसऱ्या एकपेशीय शेवाळात हीच दारं जरा वेगळी आहेत. त्याचा जगभर वापरला जाणारा वंश १९४५ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात बटाट्याच्या शेतातल्या मातीतून आला. त्याला दोन शेपट्या असतात आणि धन-ऋण पेशी आधी या शेपट्यांनीच एकमेकांना चिकटतात, दोघांच्या शेपट्यांवर एकमेकांना ओळखणारी प्रथिनं असतात. चिकटले की कवच विरघळवणारं विकर, म्हणजे एन्झाइम, सुटतं, मग पडद्याला पडदा लागतो. ते शेवटचं मिसळणं घडवणारं प्रथिन ऋण पेशीवर असतं, नाव हॅप-टू. या प्रथिनाची घडी २०१७ साली उलगडली तेव्हा ती डेंग्यू आणि झिका विषाणूंच्या पेशीत घुसणाऱ्या प्रथिनाच्या घडीशी जुळली. शेवाळाचं लग्न आणि डेंग्यूचा ताप, दोन्ही ठिकाणी पडदे जोडायचं काम एकाच घराण्यातल्या प्रथिनांचं. विषयांतर आहे, पण दरवर्षी सप्टेंबरमध्ये गावात ताप पसरला की मला हे आठवतंच.

आता चेंडूंच्या घराण्यातली दोन भावंडं पाहा. पँडोरिना मोरम, साधारण सोळा पेशींचा घट्ट गोळा. ॲनेट कोलमन यांनी या एकाच नावाच्या शेवाळाचे जगभरातून वंश गोळा केले आणि त्यांच्या जोड्या लावल्या. १९५९ साली त्यांनी पहिले निकाल मांडले, नंतर हे काम कित्येक वर्षं चाललं. एकाच नावाखाली वीसहून जास्त गट निघाले, एकमेकांशी न जुळणारे. त्यांची गुणसूत्रांची संख्यासुद्धा सारखी नव्हती. पण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले तर कोण कुठला हे ओळखता येत नव्हतं. याउलट गोनियम पेक्टोराले, आठ ते सोळा पेशींची चपटी ताटली, पँडोरिनाच्या नात्यातलीच. तिचे वेगवेगळ्या खंडांतले वंश एकत्र केले तर जुळले. एकाच्या घरात भिंतीच भिंती, दुसऱ्याचं घर जगभर मोकळं. दोघांची राहणी सारखी, दोघांचे गोळे चिखलातून, पक्ष्यांच्या पायांना चिकटून दूरवर जात असणार. तरी हा फरक. मला वाटतं, एकाच्या उदाहरणावरून सगळ्या शेवाळांबद्दल ठाम बोलणाऱ्यांनी ही दोन नावं आधी आठवावीत.

स्पायरोगायराकडे परत येतो, कारण ते आमच्या बोडीत आहे. पाणी उतरत आलं की एखाद्या दिवशी काचपट्टीवर दोन धागे अगदी समांतर पडलेले दिसतात आणि पेशीपेशीतून मधे नळ्या निघालेल्या असतात, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. नीट पाहिलं तर एका धाग्यातला माल सरकत दुसऱ्या धाग्यात गेलेला असतो. एक धागा रिकाम्या नळीसारखा पांढुरका, दुसऱ्यात प्रत्येक खणात एकेक तपकिरी अंड्यासारखा गोळा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तास घ्यायचा विसरून तिथंच उभा होतो. भारतात या कुळाचं मोठं काम मोहिंदर सिंग रंधावा यांनी केलं. ते आयसीएस अधिकारी होते, आणि त्यांचा 'झिग्नेमासी' हा ग्रंथ १९५९ साली भारतीय कृषी संशोधन परिषदेनं काढला. सरकारी फायली सांभाळून शेवाळाच्या अंड्यांची मापं काढणारा अधिकारी आज सापडणं कठीण.

स्पायरोगायराच्या प्रजाती ठरवताना धाग्याची जाडी आणि गोळ्याचा आकार पाहतात. इथे एक फसगत होते. १९८६ साली वँग, होशॉ आणि मॅककोर्ट यांनी दाखवलं की एकाच प्रजातीच्या धाग्यात गुणसूत्रांचे संच दुप्पट झाले की धागा जाड होतो, आणि पुस्तकातल्या तक्त्याप्रमाणे तो सरळ दुसऱ्या प्रजातीच्या रकान्यात जाऊन बसतो. निसर्गातही असे वेगवेगळ्या संचांचे धागे शेजारी सापडले. म्हणजे दोन्ही बाजूंनी फसवणूक. पँडोरिनात रूप एक आणि गट वीस, इथे रूपं अनेक आणि मूळ एकच. आणि संच दुप्पट झाला की जुन्याशी जोडी लावताना पुन्हा कापसाचीच अडचण यायची.

प्रत्येक शेवाळाची प्रत्येकाशी जोडी लावून पाहायची तर आयुष्य जाईल. म्हणून कोलमन यांनी डीएनएमध्ये एक खूण शोधली. डीएनएवरून पेशीत आरएनएचा एक तुकडा उतरतो, त्याचं नाव आयटीएस-टू. तो स्वतःवरच दुमडून बसतो आणि दुमडलेल्या बाजूंची अक्षरं एकमेकांत अडकतात, शर्टाचं बटण काजात बसावं तशी. एका बाजूचं अक्षर बदललं तर बटण बसत नाही. पुढे कधीतरी समोरचं अक्षरही बदललं तर पुन्हा बसतं, पण आता बटण नवं आणि काजही नवं. दोन वंशांची तुलना करताना अशी जोडीनं बदललेली जागा सापडली, तर समजायचं की हे दोघं वेगळे होऊन बराच काळ गेला. २००७ साली म्यूलर आणि सहकाऱ्यांनी मोठ्या संख्येनं प्रजातींची तुलना करून दाखवलं की अशी एक जरी जोडी बदललेली असली तर ते दोन वेगळ्या प्रजातींचे असण्याची शक्यता सुमारे ९३ टक्के.

लोक इथे एक चूक करतात. हे बटण-काज लग्न मोडत नाही. लग्न मोडतात ती हाकेची प्रथिनं, शेपटीवरची प्रथिनं, जनुकांचा न बसणारा मेळ. आयटीएस-टू हे भिंतीवरच्या घड्याळासारखं आहे, दुरावा किती दिवसांचा ते सांगणारं. आणि घड्याळ उलट्या बाजूनं वाचता येत नाही: जोडी बदललेली नाही म्हणून दोघं एकच प्रजाती, असं म्हणता येत नाही.

विषय हिरव्या पाण्याचा निघाला की विदर्भात कोणीतरी लोणारचं नाव काढतंच. बुलढाण्याच्या त्या सरोवराचा हिरवा रंग मुख्यतः आर्थ्रोस्पायराचा, आणि तो आपल्या या हिरव्या शेवाळांच्या घरातला नव्हे. तो जिवाणूंच्या बाजूचा आहे, त्याला धन-ऋण नाहीत, युग्मबीजाणू नाहीत. तिथे मीलन-गट शोधायला जाऊ नये.

दोन बाटल्यांवर परत येतो. भाच्यासोबत मी एक प्रयोग करायला गेलो आणि तोंडघशी पडलो. तलावाच्या दुसऱ्या कोपऱ्यातही थोडं रेशमी शेवाळ मिळालं होतं, म्हणजे दोन्ही पाण्यांतलं स्पायरोगायरा हातात होतं. म्हटलं, दोन्ही एका बरणीत घालू आणि शिड्या बनतात का पाहू. झाकण घट्ट लावून बरणी खिडकीत ठेवली, आणि लग्नाच्या गडबडीत तीन दिवस विसरलो. चौथ्या दिवशी झाकण उघडलं तर सडक्या अंड्यांचा वास घरभर. ऊन, कोंडलेली हवा, वर इतका गच्च भरणा. बायकोनं बरणी सरळ उकिरड्यावर नेऊन ओतली.

यंदा भाच्यानं त्याच्या गावी स्वतःच केलं. उथळ परात, वर जाळीचं कापड, सावलीत, दर दोन दिवसांनी थोडं पाणी. मार्चमध्ये त्यानं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, शाळेच्या सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला मोबाइल लावून काढलेला. दोन धागे शेजारी पडलेले, एक जाड, एक बारीक. मधे नळी नाही. खाली लिहिलं होतं, "मामाजी, याइचं नाई जमलं. दोन प्रजाती हाये ना मंग?"

मी त्याला लिहिलं की एवढ्यावरून काहीच म्हणता येत नाही. कदाचित पाण्यात अजून नत्र आहे आणि दोघांनाही गरज वाटलेली नाही. जाड धाग्यात संच दुप्पट असू शकतात. कदाचित परातीत दोन्ही एकाच बाजूचे, म्हणजे दोन्ही धन किंवा दोन्ही ऋण, आले असतील. आणि हेही शक्य आहे की त्यांचं खरंच जुळत नाही. आधी बोडीतल्याचं बोडीतल्याशी आणि तलावातल्याचं तलावातल्याशी त्याच परातीत, त्याच उन्हात जुळतं का ते पाह्य. ते जुळलं आणि या दोघांचं नाही जुळलं, तरच बोलता येईल.

त्याचं उत्तर आलं, "मंग तीन पराती लागतीन. आजी देईन काय?"